गेनबाची साक्ष

गेनबाला मी आधी ऐकलं, मग पाहिलं. भोरच्या मैदानावर मुलींचा रग्बीचा सामना चालू होता. तेवढ्यात अशी आरोळी उठली की पंचाची शिट्टी तोंडातच विरली, दोन बैल दावं तोडून महाडच्या रस्त्याला लागले आणि भाटघर धरणाचं पाणी बोटभर वर चढलं. धूळ खाली बसल्यावर टोपीतला एक पन्नाशीचा माणूस दिसला. चेंडू दोन्हीकडून चेपलाय, तो बदलून द्या, एवढीच त्याची मागणी होती. हा चेंडू जन्मतःच लांबोडका असतो, असं मी सांगितल्यावर त्यानं माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. संघाचे चेंडू आणण्याचं काम माझ्याकडे होतं; दुकानदारानं मला फसवलंय, अशी त्याची खात्री पटली होती.

गेनबा उत्रोलीचा. दुधाचा टेम्पो चालवतो. भोर-वेल्ह्याच्या पोरी राज्याच्या संघात जाऊ शकतात, हे कानावर पडल्यावर आठवड्याच्या आत तो समर्थक मंडळाचा अध्यक्ष झाला. मंडळात चाळीस माणसं. चाळिसांना मिळून रग्बीचे अडीच नियम माहीत होते आणि त्यातला अर्धा कबड्डीचा होता.

जिच्या जिवावर हे सगळं चाललं होतं ती गुंजवण्याची सोनिया, वय वर्षं सतरा. राज्याच्या अठरा वर्षांखालच्या संघाचं शिबिर महिन्यावर आलं होतं आणि तिची निवड नक्की मानली जात होती. अशात एका सामन्यात तिनं समोरच्या मुलीला मानेला धरून पाडलं. रग्बीत खांद्याच्या वर धरायचं नसतं. पंचानं लाल कार्ड दाखवून तिला बाहेर काढलं आणि पुण्यात चौकशी लागली. प्रशिक्षक वैदेहीबाईंनी तिला नीट समजावलं होतं. चुकून झालं असं कबूल करून माफी मागितली तर तीन आठवड्यांची बंदी, म्हणजे शिबिर हाती लागेल. मुद्दाम केलं असं ठरलं तर सहा आठवडे, म्हणजे शिबिर गेलं. सोनियानं माफीचं पत्र लिहून ठेवलं.

मंडळाला माफी हा शब्दच खपेना. मोबाईलच्या गटावर दोन दिवस नुसती आग लागली होती. एकानं पंचाच्या सात पिढ्यांची माहिती काढली. एकानं व्हिडिओ चाळीस वेळा पाहून निष्कर्ष काढला की सोनियाचा हात जागेवरच होता, मानच हाताखाली आली. भोंगवलीच्या एका गुरुजींनी पडलेल्या मुलीची उंची नियमापेक्षा कमी असल्याचं शोधून काढलं. असा नियम कुठं आहे, हे विचारण्याइतका हलकट माणूस गटात कोणी नव्हता.

शेवटी सोनियाच वैदेहीबाईंना घेऊन गेनबाला भेटायला आली.

"मामा, माजा हात वर ग्येला. चूक माजीच हाय."

"गप ए. तुजी चूक हाय म्हणणारी तू कोण?"

सोनियानं वैदेहीबाईंकडे पाहिलं. बाईंनी आकाशाकडे.

आपल्याकडे कुणाचंही काही झालं की आधी फ्लेक्स लागतो. तसा तो भोरच्या चौकातही लागला. मधोमध सोनिया, तिच्या हातात त्या मुलीची मान, डोक्यावर 'गुंजवण्याची वाघीण' आणि खाली अठरा शुभेच्छुकांची मुंडकी. गॉगल लावलेलं सगळ्यात मोठं मुंडकं गेनबाचं.

चौकशीच्या दिवशी दुधाचे कॅन उतरवून टेम्पोत मंडळ भरलं. फ्लेक्सही गुंडाळून घेतला. सोनियानं पत्र वाचून दाखवलं. समितीचे अध्यक्ष म्हातारे आणि सज्जन होते. त्यांनी मान डोलावली आणि पेन उघडून लिहायला सुरुवात केली. तेवढ्यात गेनबाला वाटलं, पोरीच्या पाठीशी तालुका उभा आहे हे साहेबांना दिसलं पाहिजे. त्यानं दोघांच्या मदतीनं दारातच फ्लेक्स उलगडला.

अध्यक्षांनी चष्मा लावून तो अठरा नावांसकट वाचून काढला.

"ही त्याच वेळची मान का हो?"

"व्हय साहेब, तीच." गेनबाची छाती फुगली. "आन् चुकून बिकून काय न्हाई. आमची पोरगी धरती ती मुद्दाम धरती. वर्षभर आमी तेच तर बगाय येतो."

वैदेहीबाई खाली बसल्या. सोनियानं पत्राची घडी घातली. अध्यक्षांनी आधी लिहिलेलं खोडलं आणि नवं लिहिलं.

येताना टेम्पोत घोषणा थांबल्या नाहीत. पुण्याच्या लोकांनी तालुक्यावर अन्याय केला, याबद्दल चाळीस जणांचं एकमत होतं. दुसऱ्या दिवशी चौकात निषेधाचा फ्लेक्स लागला. फोटो तोच, मुंडकी मात्र सव्वीस. आपण सत्य तेच बोललो आणि सत्याला वाली नाही, असं गेनबा आजही टेम्पोला हात करणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो. त्या टेम्पोत सोनिया बसत नाही, एस.टी.नं जाते.

बंदी सहा आठवड्यांची झाली. शिबिर चौथ्या आठवड्यात झालं. पुढच्या वर्षी सोनियाला अठरा पूर्ण झाली आणि त्या संघात तिचं वय बसेना.