ह्यांच्या बोटाची साखर

सांगतानाही किळस येते, पण पन्नाशीत मी तीन महिने माझ्या शुगरच्या वहीत नवऱ्याची शुगर लिहिली. अकोल्याचा मुलगा रोज फोनवर आकडा विचारी आणि वाढला असला की रागवे. मग मी अतिशहाणी, "मशीन बरोबर आहे का पाहते," म्हणत ह्यांच्याच बोटाला सुई टोचायची आणि पोराला ऐटीत आकडा सांगायची. खऱ्या आकड्याच्या धसक्यानं मात्र रडू येई, आणि रडू आलं की उभ्यानंच पेढे गिळायची, चवसुद्धा न घेता. शी!

शेवटी माझ्या पायाला झालेली साधी जखम चिघळली. पट्टी सोडली की त्या वासानं मलाच ओकारी यायची. एकदा रडत सगळं कबूल केलं. पट्टी बदलता बदलता हे म्हणाले, "माह्या बोटाले सुई टोचाले लाज नाही वाटली, अन् 'मले भेव वाटते' म्हणाले वाटली काय वो?"