मापट्याची बुलेट

पेणकरपाड्यापासून भाईंदर स्टेशनपर्यंत सूरज मांडवकरला ओळखत नाही असा टपरीवाला नव्हता, आणि सूरज या नावानं त्याला हाक मारणारा एकही नव्हता. भांड्यांच्या कारखान्यात कामाला लागला त्या दिवशी मुकादमानं त्याला तांदूळ मोजायच्या मापट्याशेजारी उभं केलं आणि सगळ्या कारागिरांना बोलावून दाखवलं. तेव्हापासून तो मापट्या. गडी काही अगदीच बुटका नव्हता. पण अंगानं काडी, आणि कारखान्यातली तगडी माणसं शेजारी उभी राहिली की आणखी खुजा दिसायचा.

शेठच्या एम-एटी स्कूटरवर मागं-पुढं पातेल्यांच्या चळती बांधून तो माल पोचवायचा. गाडी दिसायची नाही, माणूस दिसायचा नाही, स्टीलचा ढिगारा तेवढा फटफटत जाताना दिसायचा. रिक्षावाले ओरडायचे, "ए मापटे, ढक्कन लगा के बैठ!" ट्रकवाले मुद्दाम अंगावर गाडी घालून त्याला गटाराकडे दाबायचे आणि आरशात बघून हसायचे. हे सगळं पोटात घालून सूरजनं एकच गोष्ट मनाशी धरली होती. स्वतःची गाडी घ्यायची, आणि अशी घ्यायची की मागून नुसता आवाज आला तरी रस्ता मोकळा झाला पाहिजे.

त्याचा चुलतभाऊ दशरथ नवघर रोडला गॅरेज चालवायचा. त्यानं एक सेकंडहँड सीडी हंड्रेड मोटारसायकल दाखवली. सूरज बसला. दोन्ही पावलं सपाट जमिनीला टेकली, हँडल हातात आपसूक आलं.

"बघ, तुझ्याच मापाची हाय," दशरथ म्हणाला.

नेमकं हेच म्हणायला नको होतं. सूरज उतरला. "ही तर एम-एटीची थोरली बहीण हाय. मला बुलेट पायजे."

"बुलेट? अरं, तिचं वजन किती, तुझं किती? पडली तर तुला खरवडून काढावा लागेल."

पण सूरजनं मनात एक विशिष्ट बुलेट धरून ठेवली होती. भाईंदर पूर्वेला आत्माराम विचारे म्हणून एक रिटायर माणूस राहायचा. सरकारी खात्यात उभा जन्म मोटारसायकलवर टपाल पोचवण्यात गेला. लालबागची खोली विकून इकडे दुसऱ्या मजल्यावर ब्लॉक घेतला आणि येताना आपली काळी बुलेट घेऊन आला. टाकीवर सोनेरी रेघा, तोंड बघावं असं क्रोम. आता गुडघे गेले होते म्हणून गाडी काढायची होती. गिऱ्हाइकं पुष्कळ यायची. पण विचाऱ्यांची एक अट होती. घेणाऱ्यानं आधी सर्वांसमोर, कोणाचा हात न लागता, गाडी मेन स्टँडवर लावून दाखवायची. ज्याला स्टँडवर लावता येत नाही त्याला गाडीनं नवरा का म्हणावं, असं विचारे म्हणायचे. शेजारी उभी असलेली त्यांची बायको अनसूया खाली बघायची आणि कंपाउंडातले लोक खिदळायचे.

दर रविवारी सकाळी हा तमाशा चालायचा. विचारे खुर्ची टाकून बसायचे, गॅलऱ्यांतून लोक चहाचे कप घेऊन उभे राहायचे. सूरज पहिल्यांदा गेला तेव्हा गॅलऱ्या अगदी भरलेल्या होत्या.

"तू?" विचाऱ्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. वेळ फारसा लागला नाही. "बाळा, घरी मोठं कोण आहे की नाही?"

"मलाच घ्यायची हाय, काका."

"बस मग. बघू पाय पोचतात का."

अंगठे पोचले. टाचा हवेत. वरून कुणीतरी म्हणालं, "पाट द्या रे त्याला पायाखाली!" सूरज उतरला, एक हात हँडलला, एक मागच्या कडीला लावून त्यानं गाडी जीव खाऊन मागं ओढली. गाडी तसूभर हलली नाही. त्याचीच चप्पल तुटली. पुन्हा ओढली तर गाडी त्याच्याकडे झुकायला लागली आणि तो तिच्याखाली वाकत वाकत गेला. विचारे खुर्चीतून हलले नाहीत. गाडी पार मांडीवर आली तेव्हा त्यांनी दोन पोरांना खूण केली.

"काय रे मापट्या," ते म्हणाले. नाव त्यांना आधीच कळलेलं होतं. "तू गाडी घ्यायला आलायस का गाडी तुला घ्यायला?"

गॅलऱ्या खो खो हसल्या. इतकी दाद विचाऱ्यांना आयुष्यात मिळाली नव्हती. म्हणूनच त्यांनी सूरजला सोडला नाही. "येत जा तू. सवय होऊ दे. दसऱ्याला मी गाडी काढणार. तोवर जमलं तर तुझी. शब्द देतो, विचाऱ्याचा शब्द आहे."

सूरज येत गेला. रविवारी स्टँडची परीक्षा आणि हसं, मग गाडी पुसायची, स्पोकांतली घाण काडीनं काढायची, क्रोमला पॉलिश मारायचं. गाडी झाली की विचाऱ्यांचं रॉकेल, दळण, सिलिंडर दुसऱ्या मजल्यावर. पुढं पुढं तर गुडघ्यांना तेल चोळायला बसवू लागले. "हात बारीक आहेत तुझे, बरोबर खोबणीत जातात."

घरी त्याची आई गोदूबाई तोंड सोडायची. "मेल्या, आवशीचं पाय कधी चेपलंस काय रं? त्या थेरड्याचं ढोपार चोळतोस?"

"गाडी द्यायचा हाय तो, आये."

"देतोय! माकडासारका नाचवतोय तुला. इमारतीतली लोकं दात इचकत्यात त्याचा पन इचार न्हाय तुला."

विचार होता. त्याला प्रत्येक दात पाठ होता.

शेवटी दशरथला कीव आली. गॅरेजात एक मोडकी बुलेट दुरुस्तीला होती, तिच्यावर त्यानं सूरजला घेतला. "ओढतोस कशाला येड्या? ताकदीचं काम न्हाय हे. स्टँडच्या दांडीवर पाय ठेव आणि उभा राहा. सगळा भार पायावर. हातानं फक्त सांभाळायची. ती आपली आपण चढते." आणि चढली. सूरजनं दोनदा, पाचदा, दमेपर्यंत चढवली.

मग दशरथनं त्याला चालवायला दिली, आणि पहिल्याच फेरीत सूरज गॅरेजच्या पत्र्यात घुसला. कारण या गाड्यांचं सगळं उलटं. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. बाकी तमाम गाड्यांना ब्रेक उजव्या पायात असतो. सूरजला हे ठाऊक होतं, तोंडपाठ होतं. पण समोर पत्रा आला तेव्हा पायानं त्याला विचारलं नाही. उजवा पाय आपला आपटला, गिअर पडला, गाडी तशीच पुढं.

"आता कळलं?" दशरथ त्याला पत्र्यातून उपसत म्हणाला. "डोस्क्याला कळून उपयोग न्हाय, पायाला कळाया लागतं." त्यानं सूरजला उजवा पाय अनवाणी आणि डाव्या पायात बूट, असं करून रोज मैदानात फिरवलं. बुटाचा पाय ब्रेकचा. पंधरवडा गेला तेव्हा कुठं पायाची खोड मोडली. "दुसऱ्या गाडीवर शिकलेल्याला एकदम रस्त्यावर सोडायचा न्हाय हिच्यावर. आणि मागं माणूस बसवून तर कदीच न्हाय," दशरथ म्हणाला.

दसऱ्याच्या सकाळी सूरज इस्त्रीचा शर्ट घालून, पैसे पोटाशी बांधून गेला. गाडीला झेंडूची माळ घातलेली होती. गॅलऱ्या भरलेल्या. सूरजनं कोणाकडे पाहिलं नाही. दांडीवर पाय ठेवला, उभा राहिला, आणि ते काळं धूड खटकन स्टँडवर जाऊन बसलं. पुन्हा उतरवलं, पुन्हा चढवलं.

कोणी हसलं नाही. एकानं तर टाळी वाजवली, पण विचाऱ्यांनी वर बघितल्यावर त्यानं हात खिशात घातले.

"छान," विचारे म्हणाले. "जमलं की तुला. पण गाडी मी दिली रे. कालच दिली."

"कुनाला?"

"इंद्रलोक सोसायटीतले मॅनेजरसाहेब आहेत ना, त्यांच्या अभिनवला. उंच पोरगा आहे. शोभतो गाडीवर."

"त्यानं स्टँडवर लावली?"

"त्याला कशाला लावायला सांगू?" विचाऱ्यांना खरंच नवल वाटलं. "चांगल्या घरचा आहे तो. आणि तू काय रे, खरंच धरून बसलास? मला वाटलं तुलाही मजा येतेय."

तेव्हा गॅलऱ्या हसल्या. आधी दबकत, मग मोकळ्या.

सूरज निघाला असता, पण पाय निघेनात. तेवढ्यात अभिनव आला. गोरा, लांब, नवा गॉगल, वागायला गोड. सूरजला "हाय बॉस" म्हणाला. बिचाऱ्याला आधीचं काहीच माहीत नव्हतं. मित्राची यामाहा चालवायचो, असं त्यानं अनसूयाबाईंना सांगितलं. बाईंनी गाडीला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं.

"गिअर इकडे उजवीकडे. वर एक, खाली तीन. बस, बाकी काही नाही," विचारे म्हणाले. ते आयुष्यभर दुसऱ्या कुठल्या गाडीवर बसलेच नव्हते. पायाला खोड असते हे त्यांच्या गावी नव्हतं. "चल, पहिली फेरी मला घेऊन. लोकांना बघू दे."

दोघांनी धरून त्यांना मागं बसवलं. अभिनवनं किक मारली. गाडी घुमायला लागली तशी सगळ्या कंपाउंडाच्या छातीत धडधडलं. सूरज मात्र त्या पोराच्या पायाकडे बघत होता. गाडी जरा पुढं सरकायला लागली की पोरगा सवयीनं उजवा पाय दाबून बघत होता. बाहेर फाटकापासून रस्त्यापर्यंत उतार होता आणि उताराच्या तळाशी पाण्याचा टँकर उभा होता, बायका हंडे घेऊन त्याच्या पलीकडच्या नळाला झोंबलेल्या.

सूरजनं तोंड उघडलं.

"बघतोस काय, मापट्या?" विचारे मागच्या सीटवरून ओरडले. "फाटक उघड!"

सूरजनं तोंड मिटलं. जाऊन फाटक उघडलं. दोन्ही झडपा पार भिंतीला लागेपर्यंत उघडल्या.

गाडी ऐटीत बाहेर पडली. उतारावर वेग आला, अभिनवनं दुसरा टाकला आणि मग त्याला टँकर दिसला. उजवा पाय आपटला. गिअर पडला. पुन्हा आपटला, पुन्हा पडला. "ब्रेक! ब्रेक मार!" विचारे ओरडत होते, आणि पोरगा मारतच होता, सगळ्या जिवानिशी, चुकीच्या पायानं.

आवाज काही फार मोठा झाला नाही. अभिनवचं तोंड हँडलवर आपटलं आणि पुढचे दात गेले. विचाऱ्यांचा पाय गाडी आणि टँकरचं बंपर यांच्यामध्ये सापडला, आधीच दुखणाऱ्या गुडघ्यात. लोक जिने उतरून धावले. सूरज चालत गेला. आधी त्यानं गाडीची चावी बंद केली, मग पेट्रोलचा कॉक. टाकीला केवढा पोचा आलाय तो हात फिरवून बघितला. मग विचाऱ्यांकडे पाहिलं. ते "मापट्या, धर रे, धर" म्हणत होते. तिथं धरायला माणसं पुष्कळ होती.

विचाऱ्यांचा पाय वाचला, पण लाकडासारखा ताठ राहिला. जिना उतरणं संपलं. मॅनेजरसाहेबांनी गाडी नि शिव्या दोन्ही परत पाठवल्या. टाकीचा पोचा सोडला तर गाडी शाबूत होती; वाळक्या झेंडूची माळ तशीच अंगावर घेऊन बुलेट कंपाउंडात उभी राहिली. दसऱ्याच्या दिवशी रक्त सांडलेली गाडी फुकट दिली तरी कोणी घेईना.

दिवाळी उलटल्यावर सूरज दुसऱ्या मजल्यावर गेला. दार अनसूयाबाईंनी उघडलं.

"कोण आहे गं?" आतल्या खोलीतून विचारे ओरडले.

"दूधवाला," बाई म्हणाल्या आणि सूरजला स्वयंपाकघरात बसवून चहा टाकला.

"गाडी घ्यायची म्हणत होतो, काकू."

"घे की." बाई आधणाकडे बघत होत्या. "तू बोलणार होतास त्या दिवशी. मी बघितलं. मग गप्प बसलास."

सूरजच्या कानाशी गरम झालं. "मला फाटक उघडायला सांगितलं त्यांनी."

"हो, सांगितलं खरं." त्यांनी साखर घातली. "लग्न झाल्यापासून मी त्या गाडीवर मागं बसतेय रे. कुठला पाय कशाला लागतो हे मला काय ठाऊक नव्हतं? त्या पोराचा पाय मीही बघत होते, हातात आरतीचं ताट घेऊन."

बाईंनी गाळणं घेऊन चहा कपात ओतला.

"पोरगा गुणी होता," बाई म्हणाल्या. "त्याचं वाईट झालं."

"होय."

"दात बसवून मिळतात आता." त्यांनी कप त्याच्यापुढं सरकवला आणि डब्यामागची चावी काढून कपाशेजारी ठेवली.

"अगं, दूधवाला इतका वेळ काय करतोय?" आतून आवाज आला. "आणि तो मापट्या दिसला तर वर पाठव. तेल लावायला कोणी नाही, पाय ठणकतोय."

सूरजनं चहा संपवला. "ढकलत फाटकाबाहेर नेतो, काकू. मग चालू करतो. काकांना त्रास नको."

"ढकलत कशाला?" बाई म्हणाल्या. "गाडी तुझी आहे."

खाली येऊन त्यानं झेंडूची माळ ओढून टाकली आणि किक मारली. दुसऱ्या किकला गाडी गरजली. वर विचाऱ्यांच्या खोलीची खिडकी बंद होती. सूरजनं मुठीला थोडा पीळ दिला, आणखी दिला, भिंती थरथरेपर्यंत दिला. तेव्हा वर एक बांगड्यांचा हात दिसला. अनसूयाबाईंनी खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली, वाऱ्यानं मिटू नयेत म्हणून त्यांना कड्या घातल्या, आणि आतून येणाऱ्या हाका ऐकूनही त्या तिथंच उभ्या राहिल्या.