कमी जर्द्याचा कट्टा
वहिनीला मी चारचौघांत हिणवलं, ही चूक माझीच. भिजवलेल्या तेंदूपानांचा वास आला की ती दुपार आठवते. दादा बिड्या ओढून खोकत खोकतच गेला होता, आणि तोच खोकला मलाही लागला होता. कोंढा गावातल्या आमच्या घरी, पडवीत, कारखान्याच्या बिड्या वळून झाल्या की वहिनी माझ्यासाठी वेगळा कट्टा, म्हणजे बिड्यांचं बंडल, वळायची. दर आठवड्याला त्यात जर्दा, म्हणजे तंबाखू, थोडा कमी आणि पानाचा चुरा थोडा जास्त असायचा. "भाऊजी, अशीच सुटंल हळूहळू," म्हणायची. त्या दुपारी मित्रांसमोर मी एक पेटवली आणि थुंकलो. "हे बिडी होय का खराट्याची काडी? मले फसवून राहिली वहिनी!" ते लाचार फुकटे खो खो हसले. वहिनीने कट्टा उचलून पदरात बांधला. मी मात्र भंडाऱ्याहून महागडी 'हलकी' सिगारेट आणून ऐटीत दुप्पट ओढत राहिलो. असला गाढव मीच. परवा डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो दाखवला, तसा थेट तिच्यापुढे जाऊन बसलो. ती पानं कापत होती. म्हणालो, "वहिनी, चुकलो मी. माफ कर. तो कट्टा मले पुन्हा वळून देशीन का?"