झाडांचा पांढरा

पांढरा रंग निवडायचा म्हणजे काय करायचं, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. विचारताना हसतात. डबा उघडायचा आणि लावायचा, त्यात निवडायचं काय? कसबा पेठेतल्या त्या कारखान्यात लागले तेव्हा मलाही तसंच वाटायचं. बिल्डर लोकांना गिऱ्हाइकापुढे मांडायला इमारतींची मॉडेल्स लागतात, ती आम्ही करायचो. खराडीकडे आयटीच्या इमारती उठायला लागल्या होत्या. त्यातल्या कितीतरी आधी हातभर उंचीच्या होऊन आमच्या टेबलावरून गेल्या.

मी भंडाऱ्याकडची. सातवीनंतर शाळा सुटली, लग्न झालं, नवऱ्याच्या नोकरीमागे पुण्यात आले, कात्रजला खोली घेतली. कारखान्याच्या मालकांना सगळे काका म्हणायचे. त्यांनी मला झाडं करायला बसवलं. तारेला पीळ द्यायचा, फांद्या उकलायच्या, वर स्पंजचा चुरा चिकटवायचा. मी बोलायची नाही फारसं. माझं ‘करून राहिली’ ऐकलं की लोक गालात हसायचे.

एकदा एका मॉडेलचा पांढरा दोनदा परत आला, मळकट दिसतो म्हणून. मला राहवलं नाही. आमच्या गावी जयंतीच्या आधी विहाराला चुना मारायचे तेव्हा आई त्यात चिमूटभर नीळ टाकायची. नुसता चुना वाळला की मातकट होतो, नीळ पडली की डोळ्यांना पांढरा दिसतो. हे मी भीत भीत सांगितलं. काका म्हणाले, “अहो, मग टाका की. मुहूर्त बघताय का?”

मी काडेपेटीतल्या काडीचं टोक निळ्या रंगात बुडवून डब्यात ढवळलं. तेव्हापासून पांढरा माझा. हळूहळू बाकीचंही कळलं. दारं-खिडक्यांना लावतात तो ऑइलपेंट वर्षात पिवळा पडतो, तो घ्यायचा नाही. गाड्यांना मारतात तो घ्यायचा, पण चकाकी घालवून. जाड मारला तर खिडक्यांच्या कडा बुजतात, पातळ मारला तर खालच्या अस्तराचा करडा डोकावतो. सातवी शिकलेल्या बाईच्या हातात काकांनी एवढं दिलं, हे मी अजून विसरलेले नाही. आणि ते कधीही काढून घेतील, ही धास्तीही तेव्हापासूनचीच.

मग ती आली. कला महाविद्यालयातून डिप्लोमा केलेली, पुण्यातलीच, बावीस-तेवीसची. मला पहिल्या दिवसापासून ताई म्हणायला लागली. वाईट वागली असती तर बरं झालं असतं. तिचा स्प्रे गनवरचा हात मी पाहिला आणि त्या दिवशी मला जेवणाचा डबा गोड लागला नाही. धुकं उतरावं तसा रंग उतरायचा. माझ्या हातून दर चार खिडक्यांमागे एक ओघळ यायचाच.

खराडीच्या एका मोठ्या कामाचे आर्किटेक्ट आले. त्यांना सगळं मॉडेल पांढरं हवं होतं. रस्ते, गाड्या, झाडंसुद्धा. ते इंग्रजीत पांढऱ्याबद्दल बोलत होते आणि ती इंग्रजीत उत्तरं देत होती. मी शेजारी काडी हातात धरून उभी. ते गेल्यावर काका म्हणाले, इमारतींचा पांढरा ही करेल, तुम्ही झाडं घ्या, तिच्याच डब्यातला रंग मारा म्हणजे जुळेल. साधं बोलले ते. मला मात्र वाटलं, आपल्याला पुन्हा पहिल्या दिवशीच्या पाटावर बसवलं.

पाऊस सुरू होता. समोरच्या घराचा पत्रा गळत होता म्हणून त्यांनी निळी ताडपत्री बांधली होती, तिचं एक टोक कारखान्याच्या दारावरच्या खिळ्याला. आत येणारा उजेड निळा झालाय हे मला जेवताना कळलं. दारात बसले तर डब्यातला भात निळसर दिसला. त्या दिवसापासून मी रंग लावून पाहिलेला नमुन्याचा तुकडा बघायला बोळाच्या टोकाला देवळाच्या पटांगणात जायची. तिथे वर नुसतं आभाळ.

ती तिचे तुकडे उंबऱ्यावर मांडायची. सात तुकडे, पाठीमागे आकडे घातलेले. ताडपत्रीखाली. अशा उजेडात साय घातल्यासारखा पिवळट पांढरासुद्धा स्वच्छ दिसणार, हे मला कळत होतं. तिने मला बोलावलं. “ताई, पाच नंबरचा बरा वाटतो ना?”

मी म्हटलं, “तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला कळणार.”

ती थोडी ओशाळली आणि पाच नंबरवर खूण केली. मी टेबलाशी परत आले. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. मग मी आणखी एक केलं. तिच्या डब्याला हात लावला नाही. माझा पांढरा वेगळा ढवळला, पटांगणात नेऊन पाहिला आणि चार दिवसांत सगळी झाडं त्याने रंगवली. मॉडेल बिल्डरच्या ऑफिसात पोचेल, तिथल्या उजेडात इमारती पिवळ्या दिसतील, झाडं तेवढी पांढरी राहतील, आणि मग सगळे मला विचारायला येतील. असं माझं गणित.

पाचव्या दिवशी झाडं रोवली. काका चष्मा वर करून टेबलाभोवती फिरले आणि माझ्यापाशी येऊन थांबले. “झाडांना थंडी वाजतेय का हो? निळी पडलीत.”

मी पाहिलं. खरंच. ताडपत्रीतून येणाऱ्या त्या उजेडात तिच्या इमारती दुधासारख्या आणि माझी झाडं नीळ जास्त झालेल्या सदऱ्यासारखी. शेजारी दुसरा पांढरा ठेवला की कुठला तरी एक खोटा ठरतो, आणि तिथे माझा ठरत होता. काका म्हणाले, काढा सगळी, तिच्या रंगाने परत मारा, आणि यापुढे रंगाच्या टेबलाकडे यायचं नाही. आवाज चढवला नाही.

माझा पांढरा खरा आहे हे दाखवायचं तर मॉडेल पटांगणात न्यायला हवं. नेलं, की मला आधीपासून माहीत होतं हेही दिसणार. गप्प बसले तर पांढरा कायमचा गेला. तोंडातून निघालं ते गावचंच निघालं. “काका, इथं नका पाहू जी. बाहेर नेऊन पाहा.”

पाऊस उघडला होता. चौघांनी फळी उचलली, बोळातल्या दोन स्कूटर बाजूला काढल्या आणि मॉडेल पटांगणात आलं. आभाळाखाली इमारती सायीसारख्या पिवळट, झाडं पांढरी. कुणाला काही सांगावं लागलं नाही. तिनेच आधी मान वर करून बोळाकडे, ताडपत्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“ताई, मी विचारलं होतं तुम्हाला.”

मी म्हटलं, “हो.”

काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मग म्हणाले, “अहो, मास्किंग टेप मॉडेलला लावायला आणतो मी. तोंडाला लावायला नाही.” आणि परत जाता जाता, पाठ वळवूनच, “पांढरा तुम्ही ढवळायचा. मारायचा तिने. आजपासून.”

मला घालवलं नाही त्यांनी. घालवलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती.

ती दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. नवा डबा ढवळायला घेतला तेव्हा वही घेऊन शेजारी येऊन बसली. एका डब्याला निळा किती, तिने विचारलं. मी काडीचं टोक दाखवलं. तिने वहीत काडीचं चित्र काढलं, शेजारी टोकाचं माप लिहिलं, सुबक अक्षरात. मग डबा उचलून गनपाशी गेली. मी मागे उभी राहिले. माझा पांढरा तिच्या हातून खिडकीच्या कडेवर बसत होता, एकही ओघळ न येता. एवढं सुंदर काम माझ्या रंगाचं कधी झालं नव्हतं, आणि ते बघताना माझा जीव जळत होता.