जिन्यातली चौकशी

आमची आत्या जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबायची आणि ज्याचं दार उघडं दिसेल त्याची चौकशी करायची. “सून आली का माहेराहून?” “गुडघा काय म्हणतो?” येरवड्याच्या आमच्या इमारतीत तिचं नावच ‘चौकशी’ पडलं होतं. दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणायचे, “उघडली का खिडकी? तुमच्या खात्याला जेवणाची सुट्टी नसते वाटतं!” आत्या नुसती हसायची.

आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं, मार्केट यार्डात लसूण निवडून. घराण्यातली पहिली पदवीधर मी, आणि हे मी ताठ मानेने सांगते. पदवीचा झगा तिने आधी स्वतःच्या अंगात घालून पाहिला. म्हणाली, “अभ्यासाला उठवत कोण होतं तुला?”

तिला धाप लागायची. विचारलं की एकच उत्तर, “दमा आहे.” आम्हीही ते मानलं.

माझ्या लग्नानंतर ती एकदा यार्डातच कोसळली. तिला मी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरला. फुप्फुसातून हृदयाकडे जाणारी शीर वाकड्या तलवारीसारखी खाली वळून भलतीकडेच जुळली होती. हृदयही उजवीकडे सरकलेलं. जन्मापासूनच. क्वचित कुणाला असतं, म्हणाले. “हे आधी कुणी सांगितलं नव्हतं?”

“सांगितलं होतं,” आत्या भिंतीकडे बघत म्हणाली. “ऑपरेशन करा म्हणाले होते.”

आता फुप्फुसांतला दाब फार वाढला होता. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती.

बाहेर आल्यावर मी भांडलेच. ती म्हणाली, “तेव्हा तुझ्यासाठी स्थळ बघत होतो. जन्माचा दोष म्हटलं की मुलाकडचे उठून जातात. दमा चालतो गं, अर्ध्या पुण्याला आहे.”

माझ्या सासूबाईंना कळलं तेव्हा त्या तिचा हात धरून म्हणाल्या, “अहो, आम्ही शिकलेली सून शोधत होतो. तुमची छाती कोण तपासणार होतं?”

त्या दिवशी दवाखान्यातून परतताना ती दुसऱ्या मजल्यावर थांबली. “गुडघा?” एवढंच विचारलं. काका सुरू झाले, वैद्य, तेल, जावयाने आणलेला पट्टा. मी पहिल्यांदाच काकांकडे न बघता तिच्याकडे बघितलं. कठडा घट्ट धरलेला, ओठ निळसर, आणि मान मात्र ऐकल्यासारखी हलत होती. काकांचं बोलणं संपेपर्यंत तिचा श्वास जागेवर आला.

पुढच्या थंडीत ती गेली.

आता मी वारज्यात राहते. लिफ्ट बंद असली आणि कुणी जिन्यात थांबून काही विचारलं, की मी पिशवी खाली ठेवते आणि चांगलं लांबण लावून उत्तर देते.