गब्रिएलच्या तोंडात खिळा

नंदाखाल गावचा हिलरी तुस्कानो चिडला की आगाशीच्या बाजारात माणसं रस्ता बदलतात. मी बदलत नाही. या वयात फुकटची करमणूक कोण सोडील?

हिलरीची केळीची वाडी. तरुणपणी दुकानांच्या पाट्याही रंगवायचा. तेव्हाच त्याने आळीतल्या चॅपेलच्या भिंतीवर मरीयेला येशूच्या जन्माचा निरोप सांगायला आलेला गब्रिएल देवदूत काढला. मरीया लाल लुगड्यात, रहाटाशेजारी बसलेली. देवदूताच्या हातात सोनचाफ्याची फांदी, पाय चिखलाने भरलेले. तेव्हाच्या फादरांनी विचारलं, "देवदूताला चिखल कसा?" तर म्हणे, "आपल्या पाणंदीतूनच आला ना तो?" पंख बगळ्याचे. ते बघायला हा बांधावर पडून असायचा. त्याची बायको सेलिन आम्हाला सांगायची, "देवदूत राहिला बाजूला, माझ्या नवऱ्याचाच बगळा झालाय."

यंदा चॅपेलची जुबिली. कमिटीचा पुढारी क्लेटन, जमिनीच्या दलालीत गबर झालेला गडी, विरारहून भलामोठा फ्लेक्स घेऊन आला. त्यावर सोनेरी केसांचा परदेशी गब्रिएल. फ्लेक्सवाल्याचा हात वाढदिवसाच्या बोर्डांवर बसलेला. त्याने सवयीने खाली कमिटीचे चेहरे ओळीत लावले, वर 'शुभेच्छुक' छापलं. क्लेटनचं डोकं देवदूताच्या डोक्याहून मोठं, मरीया बिचारी कोपऱ्यात. कमिटीला त्यात काही वावगं दिसलं नाही. फोटो झकास आले होते ना!

आणि हा फ्लेक्स क्लेटनने ठोकला नेमका हिलरीच्या चित्रावर.

रविवारी हिलरी मिस्साच्या उपासनेला आला, भिंतीकडे बघितलं आणि मधोमध उभा राहिला.

"काढ ते," त्याने क्लेटनला फर्मावलं.

"अंकल, जुबिलीपुरतं आहे. नंतर काढू."

"आत्ता काढ."

फादर म्हणाले, "हिलरी, आधी मिस्सा होऊ दे."

"होऊ दे की फादर! पण मी या क्लेट्याच्या थोबाडापुढे गुडघे टेकायचे काय?"

मागच्या बाकांवर खसखस पिकली. त्यात मीही होतो. तमाशा बघायला खास आलो होतो. क्लेटन मुकाट शिडीवर चढला. फ्लेक्स खाली आला आणि हसणं बंद झालं.

एक खिळा पंखात. एक मरीयेच्या लुगड्यात. एक थेट गब्रिएलच्या तोंडात. तिथला गिलावा ओठांसकट गळून पडला होता.

"निरोप सांगायला आलेल्याच्या तोंडात खिळा मारलास?" हिलरीचा आवाज फाटला. "ठोकताना डोळे कुठे होते तुझे?"

"मी... फ्लेक्स सरळ लागतोय का ते बघत होतो, अंकल. सॉरी. पुट्टी भरून देतो. मुंबईहून चांगला पेंटर आणतो."

"हात लावून तर बघ!"

"मग तुम्हीच काढा ना परत."

हिलरीने उजवा हात त्याच्या नाकासमोर धरला. हात लटलट कापत होता. दोन वर्षं झाली, चहाची बशीसुद्धा धरवत नाही त्याला. "या हाताने काढू ओठ? बोल ना! या हाताने?"

क्लेटनने खाली पडलेला फ्लेक्स गुंडाळायला घेतला.

जुबिलीच्या दिवशी फादरांनी भिंतीवर पडदा टाकायचं सुचवलं. हिलरी म्हणाला, "भोक तसंच राहील." तसंच राहिलं. पाहुणे आले, बाक भरले. क्लेटन नवा कोट घालून पहिल्या बाकावर बसला होता, मान खाली घालून.

मिस्सा सुरू व्हायच्या आत हिलरी शेवटच्या बाकावरून गरजला, "खाली काय बघतोस रे? वर बघ!"