पाणी दे पाहुण्यांना

आजाऱ्याला बघायला कोणी आलं, की आमची कुसुमआत्या त्या आजाऱ्यालाच पाहुण्यांसाठी पाणी आणायला पाठवायची. बडोद्यात याला ‘खबर काढायला’ जाणं म्हणतात. मंडळी शहाळी घेऊन येतात, पलंगाभोवती बसतात आणि आपल्या माहितीतलं कोण कोण याच तापाने गेलं ते रंगवून सांगतात. चिकनगुनिया होऊन मी पडलो, तेव्हा आमच्याकडेही अशी रीघ लागली होती. आत्या कोपऱ्यातून ओरडायची, "पाणी दे पाहुण्यांना! हात काय तापात वितळले?"

आत्या मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झाली होती. फतेगंजात मुलगा-सुनेकडे राहायची. माझी बायको नोकरीवर जाते, दिवसभर घरी कोणी नसतं, हे कळल्यावर ती न बोलावता आली. मला वाटलं, आता शिरा मिळेल. तिने पलंगाशी एक खुर्ची ओढली आणि म्हणाली, "यात बैस. आता ऊठ."

"आत्या, अंगात त्राण नाही गं."

"त्राण काय तुझ्या मकरपुऱ्याच्या कारखान्यातून पार्सलने येणार आहे? राहा पडून. मग चार जण उचलतील. त्यांना तरी व्यायाम होईल."

तिचा व्यायाम मात्र तिच्या जिभेच्या अगदी उलट होता. खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठायचं, सावकाश बसायचं. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. थोडं पाणी घातलेला तांब्या खांद्यापर्यंत न्यायचा. तेवढा वेळ ती मला बोलतं ठेवायची आणि वाक्य पुरं होताना धाप लागली की लगेच थांबवायची. "बस झालं. बाकीचं उद्या. मेलेला भाचा माझ्या काय कामाचा?" पाहुण्यांचं पाणी ही त्या दिवसाची परीक्षा असायची. एकदा शेजारच्या गुजराती काकू कळवळून म्हणाल्या, "अहो, राहू द्या ने बिचाऱ्याला!" आत्या म्हणाली, "बिचारा म्हणू नका. त्याला ते आवडायला लागलंय."

मला तिचा मनस्वी राग यायचा. पण दिवाळीच्या आत मी कंपनीच्या बसची पायरी कोणाचा हात न धरता चढलो. त्याच संध्याकाळी आत्याने पिशवी भरली. आभार मानू लागलो, तर म्हणाली, "तोंड चालवायला ताकद आलेली दिसते. चला, सुटले."

पुढच्या वर्षी तोच ताप तिला आला. ताप गेला आणि सांधे धरले. डॉक्टरांनी माझ्यासमोर अजितला, म्हणजे तिच्या मुलाला, बजावलं, "रोज थोडं थोडं उठवा. या वयात पडून राहिल्या तर पाय कायमचे जातील." अजितने मान डोलावली. तो आणि त्याची बायको वैशाली, दोघंही फार भली माणसं. तिथेच घात झाला. "आईने जन्मभर कमी कष्ट केलेत का?" असं म्हणून त्यांनी दिवसभराची बाई ठेवली, पलंगाला कठडा बसवला, उशाशी घंटी ठेवली. आत्याने पाय खाली सोडला की दोघं धावत यायची. "पडलीस म्हणजे?"

मी खबर काढायला गेलो. पलंगाखाली शहाळ्यांची रांग लागली होती. आत्या चिपाडासारखी झाली होती, पण माझ्या हातातलं शहाळं पाहून म्हणाली, "ठेव त्यांच्यात. ओळख करून घेतील एकमेकांची." मग आवाज उतरला. "अरे, इतकी माणसं येतात, पण माझ्याकडे कोणी पाणीच मागत नाही."

मी कठडा खाली केला, पलंगाला चिकटून उभा राहिलो आणि मोठ्याने म्हटलं, "आत्या, घसा सुकलाय. पाणी आण."

तिचे डोळे लकाकले. तिने पाय जमिनीला टेकवले, दोन्ही तळवे गादीवर रोवले, पुढे झुकली. गुडघे लटलटत होते, पण ती उठली. खरंच उठली. तेवढ्यात वैशाली ट्रे घेऊन धावत आली, ट्रे टेबलावर आदळला आणि आत्याचे खांदे दाबून तिला खाली बसवलं. "भाऊजी, काही माणुसकी? त्यांना कामं सांगता?" मागून अजित म्हणाला, "तू काही दिवस नको येऊस. आईला त्रास होतो." वैशालीच्या डोळ्यांत खरं पाणी होतं.

आत्या गादीवर टेकली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हे प्रेम आहे बरं का. याच्यावर औषध नाही."

मी पुन्हा गेलो, तेव्हा मला दारातूनच परत पाठवलं. तिच्या पाठीला जखमा झाल्याचं कळलं, मग त्या चिघळल्याचं कळलं आणि थंडी सरताना ती गेली.

बेसण्याला, म्हणजे घरच्या शोकसभेला, पांढऱ्या चादरींवर सगळी बसली होती. फोटोतली आत्या कमरेवर हात ठेवून, शिटी गळ्यात अडकवून उभी. वैशाली हुंदके देत येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "शेवटपर्यंत पाऊल खाली ठेवू दिलं नाही हो आम्ही त्यांना."

"नशीबवान हो," बायका म्हणत होत्या. "अशी सून मिळायला पुण्य लागतं." मला त्या सगळ्यांची किळस आली.

पाण्याचा ट्रे फिरत फिरत माझ्यापुढे आला. मी ग्लास उचलला नाही. गुडघ्यांवर हात रोवून उठलो, स्वयंपाकघरात गेलो आणि आपल्या हाताने पाणी घेऊन प्यालो. बाहेर वैशाली कोणाला तरी म्हणत होती, "बघा ना, भाऊजींना बसल्या जागी दिलेलं पाणीसुद्धा चालत नाही."